आयपीओचा अर्ज भरण्याआधी आरएचपीत नेमकं काय वाचायचं?

तुमचा प्रश्न असा: एका आयपीओबद्दल (कंपनीची शेअरांची पहिली जाहीर विक्री, म्हणजेच इश्यू) मित्र सांगतात जीएमपी, म्हणजे नोंदणीआधी इश्यूच्या भावावर बोलला जाणारा अनौपचारिक जादा भाव, ४० टक्के चाललाय, डोळे झाकून अर्ज टाक. आरएचपी, म्हणजे इश्यूचं माहितीपत्रक, उघडली तर चार-पाचशे पानं. त्यातलं काय वाचायचं आणि कुठून सुरुवात करायची?

जीएमपीचं आधी उरकतो. हा भाव कुठल्याही एक्स्चेंजवर ठरत नाही. काही लोकांच्या आपसातल्या तोंडी सौद्यांवरून तो पसरतो. किती सौदे झाले, कुणी केले, याची नोंद कुठेच नसते आणि थोड्याशा सौद्यांनी तो हलवता येतो. त्यातून फार तर बाजाराचा मूड कळतो, धंद्याबद्दल काहीच कळत नाही. तेव्हा आरएचपी उघडलीत हे उत्तम केलंत. दीड-दोन तासांत कामाचं सगळं वाचून होतं.

सेबीच्या संकेतस्थळावर ‘फायलिंग्ज’मध्ये ‘पब्लिक इश्यूज’खाली ती मिळते. मसुदा, म्हणजे डीआरएचपी, वाचत बसू नका. त्यातले आकडे बरेचदा काही महिने जुने असतात.

पहिल्याच पानावर तीन गोष्टी पेन्सिलीने खुणा करून ठेवा. पहिली, इश्यूतला किती भाग फ्रेश इश्यू आणि किती ऑफर फॉर सेल. फ्रेशचा पैसा कंपनीत येतो. ऑफर फॉर सेलचा पैसा विकणाऱ्याच्या खात्यात जातो, कंपनीला त्यातला रुपयाही मिळत नाही. दुसरी, किरकोळ गुंतवणूकदारांचा वाटा. तो ३५ टक्के असेल तर कंपनीने सलग तीन वर्षांच्या परिचालन नफ्यासह सेबीच्या अटी पुऱ्या केलेल्या असतात. तो १० टक्केच असेल तर त्यांतली एखादी अट, बहुतेक वेळा नफ्याचीच, पुरी झालेली नाही. तिसरी, विकणाऱ्या प्रत्येक भागधारकाला तो शेअर सरासरी कितीला पडला. तुम्हाला ५०० रुपयांना मिळणारा शेअर प्रवर्तकाला २ रुपयांना पडलेला असणं साहजिक आहे, धंदा त्याने उभा केलाय. पण एखाद्या फंडाने वर्षभरापूर्वीच २०० ला घेतला असेल, तर एका वर्षात धंद्यात असं काय बदललं याचं उत्तर पुढच्या पानांत शोधायला हवं.

ऑफर फॉर सेल म्हणजे वाईट, असा सरसकट नियम मात्र करू नका. २००३ मध्ये मारुतीचा इश्यू १२५ रुपयांना आला, तेव्हा सरकार आपला हिस्सा विकत होतं, कंपनीत पैसा गेला नाही. तो घेऊन ठेवणाऱ्यांनी भरपूर कमावलं. उलट पेटीएमची मूळ कंपनी वन९७ हिचा २०२१ चा १८,३०० कोटींचा इश्यू बघा: ८,३०० कोटी फ्रेश, १०,००० कोटी ऑफर फॉर सेल, किरकोळ वाटा १० टक्के, कंपनी तोट्यात, भाव २,१५०. बाजारात नोंदणीच्या पहिल्याच दिवशी शेअर सुमारे २७ टक्के खाली बंद झाला. ही पडझड सोडली, तर भावाच्या पट्ट्यासकट यातली प्रत्येक गोष्ट अर्ज भरण्याआधी छापून आलेली होती.

मग ‘ऑब्जेक्ट्स ऑफ द ऑफर’. फ्रेशचा पैसा कशासाठी, याचा तक्ता इथे असतो. नव्या कारखान्यासाठी म्हटलं असेल तर जागा ताब्यात आहे का आणि यंत्रांची कोटेशनं किती जुनी आहेत ते बघा. कर्जफेडीसाठी असेल तर ते कर्ज कशासाठी काढलं होतं ते वाचा. ‘जनरल कॉर्पोरेट पर्पजेस’ला, म्हणजे कंपनीच्या सर्वसाधारण खर्चाला, उभारलेल्या रकमेच्या २५ टक्क्यांची मर्यादा आहे. कंपनी त्या मर्यादेला अगदी चिकटून असेल तर पैशाची नेमकी गरज तिलाच माहीत नाही, असं मी समजतो.

आता भाव महाग की स्वस्त. इथे सर्वांत जास्त लोक चुकतात. ‘बेसिस फॉर ऑफर प्राइस’मध्ये दिलेला पीई (शेअरचा भाव भागिले शेअरमागचा नफा) बहुधा इश्यूच्या आधीच्या शेअरसंख्येवर काढलेला असतो. समजा नफा ५० कोटी, जुने शेअर ८ कोटी, नवे येणार २ कोटी, भाव २५०. जुन्या संख्येवर ईपीएस, म्हणजे शेअरमागचा नफा, ६.२५ आणि पीई ४०. पण तुमच्या हाती शेअर येईल तेव्हा एकूण संख्या १० कोटी झालेली असेल, म्हणजे ईपीएस ५ आणि खरा पीई ५०. त्याच वेळी कंपनीवर अन्यायही नको: उभारलेल्या ५०० कोटींतून १० टक्के व्याजाचं २०० कोटींचं कर्ज फिटणार असेल, तर वर्षाला २० कोटी व्याज वाचतं, कर जाऊन साधारण १५ कोटी नफ्यात पडतात. मग एकूण बाजारमूल्य २,५०० कोटी भागिले ६५ कोटी, म्हणजे पीई ३८-३९. हे गणित पाच मिनिटांचं आहे, पण ते स्वतः करावं लागतं. अर्धवट वर्षाचे आकडे असतील तर चारने किंवा दोनने गुणण्याआधी धंदा हंगामी आहे का ते बघा. एसी बनवणाऱ्या कंपनीची एप्रिल ते जून तिमाही चारने गुणली की फसगत ठरलेलीच.

माझा निम्मा वेळ तरी रोख प्रवाहाच्या तक्त्यावर जातो, तुमचाही जावा. तीन वर्षांच्या निव्वळ नफ्याची बेरीज करा आणि शेजारी परिचालनातून आलेल्या रोखीची बेरीज मांडा. नफा ११० कोटी आणि रोख २० कोटी असेल, तर उरलेले ९० कोटी बहुधा उधारीत आणि मालाच्या साठ्यात अडकलेत. उधारीचे दिवस काढा: येणी भागिले विक्री, गुणिले ३६५. आदल्या वर्षी ३०० कोटी विक्रीवर येणी ५० कोटी, म्हणजे ६१ दिवस. यंदा ४०० कोटींवर ११० कोटी, म्हणजे १०० दिवस. विक्री तेहतीस टक्क्यांनी वाढली, पण ती उधारी सैल सोडून वाढवली. इश्यूआधीच्या वर्षात डीलरांच्या गोदामात माल ढकलून विक्री फुगवली असेल, तर ती इथेच दिसते आणि पुढच्या दोन तिमाहींत उलटते. बँका आणि वित्त कंपन्यांना ही कसोटी लावू नका. कर्जवाटप वाढलं की त्यांची परिचालन रोख उणे जातेच. तिथे थकीत कर्जाचं प्रमाण बघायचं.

जोखमींचं प्रकरण चाळीस-पन्नास पानांचं असतं. ‘स्पर्धा वाढू शकते’ छापाच्या जोखमी सोडून द्या. ज्यांत आकडा आहे त्याच वाचा: पहिल्या दहा ग्राहकांकडून किती टक्के विक्री, एकाच पुरवठादाराकडून किती कच्चा माल, प्रवर्तकांच्या दुसऱ्या कंपन्यांशी किती व्यवहार. महत्त्वाच्या जोखमी आधी मांडलेल्या असतात, त्यामुळे पहिल्या दहा-पंधरा बारकाईने वाचल्या तरी बरंच हाती लागतं. लेखापरीक्षक मध्येच बदलला असेल तर त्याचं कारणही पाहा.

प्राइस बँडची, म्हणजे बोलीच्या भावाच्या पट्ट्याची, जाहिरातही वाया घालवू नका. ती इंग्रजी, हिंदी आणि नोंदणीकृत कार्यालय असलेल्या राज्याच्या भाषेतल्या दैनिकात येते, त्यामुळे महाराष्ट्रातल्या कंपन्यांची मराठीत सापडते. अक्षर बारीक असतं, पण जोखमींच्या चौकटीत एक फार कामाची ओळ असते: इश्यू हाताळणाऱ्या या मर्चंट बँकरांनी गेल्या तीन वर्षांत किती इश्यू आणले आणि त्यांतले किती नोंदणीच्या दिवशी इश्यूच्या भावाखाली बंद झाले.

अर्ज भरताना एकच लॉट (शेअरांचा ठरलेला किमान गठ्ठा) पुरे. किरकोळ गटात अर्ज भरमसाट आले की सोडतीत प्रत्येकाला जास्तीत जास्त एकच लॉट लागतो. तेरा लॉट मागून शक्यता वाढत नाही, नुसते पैसे अडकतात. घरातल्या दुसऱ्या माणसाच्या नावाने भरायचा असेल तर पॅन, डीमॅट आणि यूपीआयचं बँक खातं तिन्ही त्याचीच हवीत. दुसऱ्याच्या यूपीआयवरून केलेला अर्ज बाद होतो. ‘कट-ऑफ’वर, म्हणजे जो अंतिम भाव ठरेल तो मान्य यावर, खूण करा, नाहीतर बँडच्या खालच्या टोकाला लावलेली बोली अंतिम भाव वर ठरला की बाहेर पडते. संस्थात्मक गुंतवणूकदार बहुतेक शेवटच्या दिवशी येतात, म्हणून त्या दिवशी दुपारी त्यांचा गट भरतोय का ते बघून दोनच्या आत अर्ज टाका. पैसे अडकवून ठेवायची यूपीआयवर येणारी परवानगी, म्हणजे मँडेट, संध्याकाळी पाचच्या आत मंजूर केलं नाही तर अर्ज धरला जात नाही.

अलॉटमेंट लागली, म्हणजे शेअर मिळाले, आणि ठेवायचं ठरवलंत, तर कॅलेंडरवर तीन तारखा लिहून ठेवा. अँकर गुंतवणूकदारांचे (इश्यू उघडण्याआधीच शेअर घेणाऱ्या मोठ्या संस्थांचे) निम्मे शेअर अलॉटमेंटपासून ३० दिवसांनी मोकळे होतात, उरलेले ९० दिवसांनी, आणि प्रवर्तक सोडून बाकीच्या जुन्या भागधारकांचे बहुतेक शेअर सहा महिन्यांनी. त्या सुमारास पुरवठा वाढून भाव दबू शकतो. इश्यूच्या वेळी धंदा आवडला होता पण भाव झेपला नव्हता, तर मी याच तारखांची वाट बघायला सांगेन. तोवर कंपनीचे एक-दोन तिमाही निकालही हातात आलेले असतात, आणि उधारीचे दिवस पुन्हा काढून बघता येतात.