मॅरेथॉनची आकांक्षा धरणाऱ्या नव्या सभासदास

जानेवारीतील मुंबई मॅरेथॉन पूर्ण करण्याची आकांक्षा आपण बोलून दाखवलीत, हे उत्तमच, परंतु ४२.१९५ किलोमीटरचे अंतर मनात धरणे वेगळे आणि त्यापायी रात्रीची जागरणे, पहाटेची साखरझोप व लग्नसराईतील जेवणावळी यांना मुरड घालणे वेगळे, आणि माझ्या मते आकांक्षा खरी ठरते ती या दुसऱ्या गोष्टीने. पावसाळ्यातील दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, शरीर तापते आणि वेग मंदावतो. अशा वेळी घड्याळ पाहून खचू नये, सोबत्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने धावावे. मरीन ड्राइव्हची सपाट वाट मोहक खरी (छायाचित्रांसाठी तर फारच), तरी पेडर रोडचा चढ अधूनमधून अवश्य चढावा, कारण पूर्ण मॅरेथॉनमध्ये परतीच्या वाटेवर तो पाय थकल्यानंतरच समोर येतो. नवे बूट मात्र शर्यतीच्या दिवशी प्रथमच घालू नयेत.