फॅरडे कप: 0.3 ऐवजी 2 नॅनोअँपिअर दिसतोय? आधी बीम बंद करा

तुमची पोस्ट थोडक्यात अशी: बडोद्यात कॉलेजच्या व्हॅक्यूम चेंबरमध्ये सौरवारा (सूर्याकडून येणारा भारित कणांचा झोत) मोजणाऱ्या फॅरडे कपचं, म्हणजे आयन झेलून त्यांचा प्रवाह मोजणाऱ्या भांड्याचं, मॉडेल, 1 केव्हीचा आर्गॉन बीम, मॉड्युलेटर ग्रिडवर (आयनांच्या वाटेतल्या जाळीवर) 900 ते 1100 व्होल्टमध्ये 100 हर्ट्झने उड्या मारणारी चौकोनी लहर, मागे आयन झेलणारा 10 चौरस सेंमीचा कलेक्टर. हवा होता 0.3 नॅनोअँपिअर, रेक्टिफाय करून (उणे भाग अधिक करून) सरासरी घेतली तर येतो 2. सेकंडरी इलेक्ट्रॉनचा, म्हणजे आयन आपटल्यावर कलेक्टरमधून उडणाऱ्या इलेक्ट्रॉनचा, संशय.

सेकंडरी नाहीत. या ऊर्जेला एका आयनमागे सरासरी एकही इलेक्ट्रॉन धड निघत नाही. सप्रेसर (ते इलेक्ट्रॉन परत ढकलणारी उणे व्होल्टची जाळी) काढून फेकला तरी आकडा दुपटीच्या आत राहील, सातपट व्हायचा नाही. बीम बंद करून तीच लहर चालवून पाहिलीत का, ते पोस्टमध्ये नाही. नसेल पाहिलं तर पुढचं वाचायच्या आधी तेवढं करा. 2 तसाच राहिला, तर तुम्ही आयन मोजतच नाही आहात, स्वतःच्याच ग्रिडचं व्होल्टेज मोजताय. आमचा एक अख्खा पावसाळा यातच गेला, म्हणून इतकं ठासून लिहितोय.

हिशोब करा. मॉड्युलेटर ग्रिड आणि कलेक्टर यांच्यात नुसती 0.05 पिकोफॅरड कपॅसिटन्स धरा. 200 व्होल्टच्या प्रत्येक उडीला 10 पिकोकूलॉम पलीकडे ढकलले जातात. 100 हर्ट्झला सेकंदाला 200 उड्या, म्हणजे बरोबर 2 नॅनोअँपिअर. लॉक-इन (लहरीच्या तालातला सिग्नलच तेवढा उचलणारं यंत्र) लावलं की सुटलो, असं समजू नका. प्रत्येक उडीसरशी उमटणारा हा काटा (स्पाइक) लहरीच्या तालातच येतो, त्यामुळे लॉक-इन त्याला सिग्नलच मानतं. सूर्यप्रकाशाने सुटणारे फोटोइलेक्ट्रॉन स्थिर असतात, मॉड्युलेशनमुळे ते गळून पडतात, आणि अंतराळातल्या कपात ही चौकोनी लहर असते ती मुख्यतः त्यासाठीच. कपॅसिटिव्ह गळतीवर मात्र तिचा उपाय चालत नाही.

ओळखायचं कसं? ऑसिलोस्कोपवर ग्रिडचं व्होल्टेज आणि अँप्लिफायरचं आउटपुट एकाखाली एक लावा. ग्रिड 1100 वर गेला की आयन अडतात, 900 वर आला की सुटतात, म्हणजे खरा आयन-प्रवाह ग्रिडच्या उलट्या दिशेचा आणि सपाट. गळतीचा काटा उडीच्या क्षणी, ग्रिडच्याच दिशेने, आणि लगेच विरणारा. अँप्लिफायर उलटा असेल तर दोन्ही उलटतील, पण एकमेकांच्या विरुद्धच राहतील.

उपाय क्रमाने करा, क्रम बदलू नका. आधी मॉड्युलेटर आणि सप्रेसर यांच्यामध्ये जमिनीला जोडलेला ग्रिड हवा, शक्यतो दोन. त्यांची अर्थिंगची तार आखूड आणि जाड, थेट चेंबरच्या भिंतीला. लांब बारीक तारेने अर्थ केलेला ग्रिड निम्म्याहून जास्त वेळा शोभेचा असतो. (प्रत्येक जाळी 90 टक्के पारदर्शक असली तरी पाच जाळ्यांतून 59 टक्केच आयन पोचतात. तो भागाकार करायला विसरू नका.) रिंगा मकरपुरा जीआयडीसीत कुठल्याही चांगल्या लेथवाल्याकडे होतात, पण जाळी ताणून बसवायचं काम स्वतः करा. जाळीला पोट आलं की अंतर बदलतं आणि सगळा हिशोब फिसकटतो.

मग अँप्लिफायर. त्याच्या 1 गिगाओहमच्या फीडबॅक रोधाला 1 पिकोफॅरडची भटकी कपॅसिटन्स मिळाली की काटा विरायला 1 मिलिसेकंदाचा टाइम कॉन्स्टंट, आणि पूर्ण शांत व्हायला पाचेक मिलिसेकंद. तुमचा अर्धा फेराच 5 चा आहे! 100 मेगाओहमवर या. 0.3 नॅनोअँपिअरला 30 मिलिव्होल्ट मिळतात, ते पुरेसे आहेत. प्रत्येक उडीनंतरचा पहिला 1 मिलिसेकंद फेकून द्या, उरलेल्याचीच सरासरी घ्या, रेक्टिफायर काढून टाका. आणि 100 हर्ट्झ सोडा, मेन्सच्या 50 ची दुप्पट आहे ती. 130 च्या आसपास घ्या.

सप्रेसर उणे 100 व्होल्टला ठेवा. सेकंडरी बहुतेक 20-30 व्होल्टच्या आतले असतात, पण जाळीच्या भोकाच्या मधोमध व्होल्टेज तारेवरच्या इतकं कधीच नसतं, म्हणून ही सढळ रक्कम.

केबलबद्दल बोलायलाच हवं. एका खरेदी विभागाने, नाव नको, लो-नॉइज केबलच्या जागी साधी कोॲक्स पाठवली, का तर "केबलच आहे ना". साधी कोॲक्स वाकली-हलली की घर्षणाने स्वतःच पिकोअँपिअर तयार करते. पंप सुरू असताना तिच्याने मोजणं म्हणजे वरातीत स्टेथोस्कोप लावणं. मागणीपत्रात "आत ग्रॅफाइटचा थर असलेली" असं शब्दशः लिहा, नाहीतर स्वस्तातलं गळ्यात पडतं.

आणि हवा. बडोद्यात उत्तरायणाच्या कोरड्या दिवसांत चाललेलं सर्किट श्रावणात फसतं. दमट बोर्डावर 10 व्होल्टला 100 गिगाओहमची गळती झाली तरी 100 पिकोअँपिअर गेले, म्हणजे तुमच्या सिग्नलचा तिसरा हिस्सा. इनपुटचा पाय बोर्डाला न टेकवता टेफ्लॉनच्या खुंटीवर घ्या, भोवती गार्ड रिंग (इनपुटच्याच व्होल्टेजला ठेवलेलं तांब्याचं कडं), आयसोप्रोपिलने धुऊन 60-70 अंशांना वाळवा, नंतर बोट लावू नका.

खऱ्या सौरवाऱ्याशी ताळा हवा असेल तर 400 किमी प्रति सेकंदाचा प्रोटॉन 835 इलेक्ट्रॉनव्होल्टचा असतो, म्हणून तुमचा 1 केव्हीचा बीम ठीकच आहे. त्याच वेगाचा अल्फा (हेलियमचं केंद्रक) मात्र सुमारे 1660 व्होल्टला दिसेल, कारण ग्रिडला ऊर्जा भागिले विद्युतभारच कळतो. आदित्य-एल1 वरच्या अहमदाबादच्या पीआरएलच्या (भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या) ॲस्पेक्स या उपकरणात सौरवाऱ्यासाठी कप नाही, वक्र पट्ट्यांचे टॉप-हॅट विश्लेषक आहेत. तिथल्या अडचणी वेगळ्या, त्यांचे उपाय इथे लावायला जाऊ नका.

तुमच्या चेंबरची रचना मी पाहिलेली नाही, त्यामुळे 0.05 हा माझा अंदाज आहे. बीम बंद आणि बीम चालू, असे ऑसिलोस्कोपचे दोन फोटो टाका, वेळेची पट्टी दिसेल असे. मग सांगता येईल.