समासातले वय

गायन-वादन शिकणाऱ्या मुलांचे पालक एक प्रश्न वारंवार विचारतात. हौसेने क्लास लावला, प्रेरणा मिळावी म्हणून थोर गायकांच्या बालपणाची पुस्तकेही आणून दिली, तरी मूल आता रियाजाला बसत नाही. मग सक्ती करावी की क्लास सोडू द्यावा? ओळख पटू नये इतपत तपशील बदलून अशाच एका मुलीची हकिकत येथे मांडते.

ती शास्त्रीय गायन शिकत होती आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिका प्रथम परीक्षेची तयारी करत होती. संध्याकाळी पेटी काढली की तिला तहान लागे, डोके दुखू लागे किंवा राहिलेला गृहपाठ आठवे, आणि हा निव्वळ कंटाळा आहे असे आईचे ठाम मत झाले होते. पुढच्या भेटीला येताना तिची आवडती पुस्तके सोबत आणायला मी सांगितले. त्यांतल्या एका चरित्रसंग्रहात जिथे जिथे कलावंताचे वय आले होते, तिथे तिने समासात पेन्सिलीने तो आकडा लिहून त्याभोवती गोल केला होता. कुमार गंधर्वांनी १९३५ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, मुंबईच्या जिना हॉलमधील संगीत परिषदेत श्रोत्यांना थक्क केले, त्या पानावरचा ११ तर कागद दबेपर्यंत गिरवलेला होता. "मलाही अकरावंच चालू आहे आणि माझा भूपातला छोटा ख्याल अजून समेवर येत नाही," एवढेच ती म्हणाली. भूप रागातली तिची द्रुत लयीची बंदिश तालाच्या पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर, नेमकी येऊन मिळत नव्हती.

मुलांसाठी लिहिलेल्या अशा पुस्तकांत सुरुवातीची ओढ आणि शेवटची मैफल रंगवून सांगितलेली असते, मधली वर्षे मात्र एका परिच्छेदात उरकतात. लेखकाने पानांच्या मर्यादेमुळे गाळलेला भाग मोठ्या माणसांच्या लक्षात येतो, पण मूल त्या पुस्तकाची फूटपट्टी करते आणि स्वतःला मापत बसते. म्हणून आम्ही दोघींनी तो गाळलेला भागच शोधायला घेतला. परिषद गाजवल्यानंतर कुमार गंधर्व प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे मुंबईत शिकायला राहिले, हे कळल्यावर ती बराच वेळ गप्प होती. टाळ्या मिळाल्यावरही शिकावे लागते हे तिच्या हिशेबात नव्हते. भीमसेन जोशींनी १९३३ मध्ये गाण्यासाठी घर सोडले, पण गुरू सवाई गंधर्वांकडची तालीम सुरू झाली ती १९३६ मध्ये. गायिका केसरबाई केरकर यांना त्यांचे गुरू अल्लादियाखाँसाहेबांची सलग तालीम १९२१ पासून मिळू लागली, तेव्हा त्या तिशीला टेकल्या होत्या. हा शेवटचा आकडा तिने समासात स्वतःहून लिहिला.

आईशी वेगळे बोलणे झाले. "बघ, ते किती लहानपणी गात होते" हे वाक्य घरात पूर्णपणे थांबवावे, असे मी त्यांना आग्रहाने सांगितले, कारण ते कितीही प्रेमाने म्हटले तरी मुलीला त्यात तुलनाच ऐकू येत होती. गुरुजींशीही त्या मोकळेपणाने बोलल्या. त्यांनी परीक्षा पुढच्या सत्रावर ढकलली आणि काही आठवडे बंदिश बाजूला ठेवून हातावर टाळी-खाली (तालातल्या ठोक्याच्या आणि मोकळ्या जागा) देत सोळा मात्रांच्या तीनतालाचा ठेका म्हणण्यावर भर दिला. रियाज पंधरा मिनिटांचा झाला, मात्र रोजचा.

सक्ती की सुटका हा निर्णय मूल रियाज का टाळते हे कळल्याशिवाय घेऊ नये. ज्या मुलाला संगीतच नको आहे, त्याला चालू सत्र संपल्यावर सन्मानाने थांबू द्यावे. पण जे मूल एकटे असताना गुणगुणते आणि पेटीसमोर मात्र अवघडते, त्याला भीती वाटत असते. त्याचा क्लास घाईने बंद करू नये. पुस्तके निवडताना, ज्यात शिकणाऱ्याचा ताल चुकतो, गुरू तोच पलटा, म्हणजे सरावाची स्वररचना, पुन्हा म्हणायला लावतात आणि कधी कधी काहीच जमत नाही, अशी गोष्ट मुद्दाम शोधावी, आणि ती मुलाच्या हाती नुसती न देता शेजारी बसून वाचावी.

त्या मुलीने प्रवेशिका प्रथम पुढच्या सत्रात दिली. आता तिला तबल्याचेही आकर्षण वाटू लागले आहे, आणि दोन्ही शिकावे की एकच, हा प्रश्न घेऊन मायलेकी पुन्हा येणार आहेत.