अमेरिकेतल्या युथ सॉकरमध्ये प्रमोशन-रेलिगेशन चालेल का?

लोकल लेव्हलला चालेल, म्हणजे चालतंच, बऱ्याच लोकल लीगमध्ये सीझन संपला की रिझल्ट बघून टीम वरच्या-खालच्या डिव्हिजनला टाकतात, पण एमएलएस नेक्स्ट किंवा ईसीएनएलसारख्या नॅशनल लीगमध्ये अवघड आहे. तिथे एंट्री क्लबला मिळते, एका सीझनच्या रिझल्टवर नाही, आणि पालक हजारो डॉलर फी भरतात ती बऱ्यापैकी त्या लीगच्या नावासाठीच, क्लब खाली घसरला की चांगली पोरं पुढच्या ट्रायआउटला (निवड चाचणीला) शेजारच्या क्लबात. शिवाय यंदाच्या अंडर-14 ने कमावलेली जागा पुढच्या वर्षी खालच्या वयोगटातून आलेली वेगळीच पोरं वापरणार! हां, एकाच मेट्रो एरियात (मोठं शहर आणि आसपासचा भाग), क्लबच्या सगळ्या वयोगटांचे पॉइंट एकत्र धरून केलं तर जमू शकतं, फक्त अगदी लहान वयात नको, कोच जिंकायच्या नादात नुसती धिप्पाड पोरं खेळवत बसतील.