शब्दशंका : ‘चार्ज’ नेमका कशाचा?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. मुख्याध्यापक निवृत्त झाल्यामुळे गेल्या महिन्यात शाळेचा चार्ज माझ्याकडे आला. घरी येऊन ‘आज चार्ज मिळाला’ असे सांगताच आईने विचारले, ‘मग आता फोन लागेल ना तुझा?’ त्याच दिवशीच्या वर्तमानपत्रात लाठीचार्ज होता, चार्जशीटही होते आणि टेबलावर विजेचे बिल पडले होते. एकाच शब्दाने इतकी कामे कशी करावीत, आणि त्या सर्वांना पुरेल असा एखादा मराठी शब्द आहे का? — एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आपल्या मातोश्रींचा प्रश्न रास्तच होता, कारण मोबाइलमधला आणि शाळेतला चार्ज मुळात एकच आहे. लॅटिनमध्ये ‘कार्रुस’ म्हणजे चाकांची गाडी. त्यावरून गाडीत माल भरण्याचे क्रियापद झाले, ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आले आणि त्याचा ‘चार्ज’ झाला. कार, कॅरी, कार्गो ही त्याचीच भावंडे आहेत. कॅरिकेचर हा शब्दही इटालियनमार्गे त्याच घराण्यातला आहे, कारण चेहऱ्यातल्या एखाद्या वैशिष्ट्यावर नको तितका भार टाकला की व्यंगचित्र होते.

तेव्हा चार्ज म्हणजे लादणे. हे एकदा ध्यानात आले की प्रत्येक ठिकाणी कोणावर काय लादले आहे एवढेच पाहायचे असते. माणसावर काम लादले की कार्यभार होतो, ग्राहकावर पैसे लादले की आकार होतो, आणि एखाद्यावर दोष लादला की आरोप होतो. संस्कृतात आरोप म्हणजे एखादी गोष्ट दुसरीवर ठेवणे, चढवणे, रोवणे. वृक्षारोपणातला ‘आरोपण’ हाच आहे. म्हणजे इंग्रजीने गाडी भरताना जे पाहिले, तेच संस्कृतने दुसऱ्या बाजूने पाहिले.

विजेचा चार्ज मात्र बंदुकीतून आला आहे. बंदुकीत एका वेळी ठासायच्या दारूला इंग्रजीत चार्ज म्हणत. आपल्याकडेही ‘बार भरणे’ म्हणजे बंदूक ठासणे, आणि फारसीत ‘बार’ म्हणजे ओझे. अठराव्या शतकात काचेच्या बरणीत वीज साठवण्याची युक्ती सापडली. १७४५-४६च्या सुमाराचे हे साधन ‘लायडनची बरणी’ म्हणून ओळखले जाते. बेंजामिन फ्रँकलिन यांनी त्या बरणीत वीज ‘ठासण्या’साठी हाच शब्द वापरला, आणि अशा अनेक बरण्या एकत्र जोडल्यावर त्या संचाला तोफांच्या रांगेवरून ‘बॅटरी’ असे नाव दिले. आज आपण बॅटरी चार्ज करतो, तेव्हा तोंडी असते ती सारी तोफखान्याची भाषा. आपल्या पाठ्यपुस्तकांनी या चार्जला ‘विद्युतप्रभार’ म्हटले आणि कार्यालयांनी तात्पुरत्या अधिकाऱ्याला ‘प्रभारी’ म्हटले. एकमेकांना न विचारता दोघांनीही ‘भार’ हाच शब्द उचलला, हे मला फार आवडते. बोलताना मात्र आपण ‘फोनला चार्जिंग नाही’ असे म्हणतो. चार्जिंग म्हणजे खरे तर भरण्याची क्रिया, पण आपण ते भरलेल्या विजेचेच नाव करून टाकले आहे. ते आता मराठीचेच झाले असल्याने त्यात चूक काढण्यात अर्थ नाही.

लाठीचार्जमधील चार्ज म्हणजे शस्त्र सज्ज करून अंगावर धावून जाणे. घोडदळाच्या अशा धडकेला बखरींच्या मराठीत ‘एल्गार’ हा उत्तम शब्द होता, आज तो सभा-मोर्च्यांच्या फलकांवर उरला आहे. लाठीचार्जसाठी ‘लाठीमार’ रुळलेला आहे आणि तो पुरेसा आहे.

आता पैशांचा चार्ज. माझी खरी तक्रार येथे आहे. विजेचे बिल हातात घेऊन पाहावे : स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार. आकार म्हणजे येथे रूप नव्हे, ठरवलेली रक्कम. जमीन महसुलाच्या आकारणीतला आणि ‘शुल्क आकारणे’ यातला आकार तो हाच. हा कार्यालयीन शब्द झाला. पण बाजारात मराठीने प्रत्येक कामाच्या मोबदल्याला स्वतंत्र नाव दिले होते. सोनाराची घडणावळ, गिरणीची दळणावळ, परटाची धुणावळ, शिंप्याची शिलाई. बाजार समितीत शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या हिशेबपट्टीवर हमाली, तोलाई आणि वाराई. नाव वाचताच पैसे कोणत्या कामाचे गेले ते कळत असे. आता दागिन्यांच्या दुकानात ‘मेकिंग चार्जेस’ आणि शिंप्याकडे ‘स्टिचिंग चार्जेस’ ऐकू येतात, आणि ‘चार्जेस’ या एका शब्दाखाली काय काय जमा झाले आहे हे विचारावे लागते. घडणावळीला चार्जेस म्हणण्याने शब्द नवा मिळाला असे नाही, असलेला मात्र कमी झाला.

म्हणून सर्व अर्थांना पुरेल असा एक मराठी शब्द शोधू नये. आपल्यापुरते सांगायचे तर, कायम नेमणूक होऊन पद मिळाले तर ‘पदभार स्वीकारला’, मूळ पद सांभाळून दुसरे काम आले तर ‘अतिरिक्त कार्यभार’, आणि नवे मुख्याध्यापक येईपर्यंत आपण ‘प्रभारी मुख्याध्यापक’. कपाटाच्या किल्ल्या आणि जडवस्तूसंग्रह नोंदवही ताब्यात घेताना कागदावर ‘कार्यभार’ लिहावे, शिक्षकांच्या खोलीत खुशाल चार्ज म्हणावे.

प्रश्न : ‘चार्जशीट दाखल’ आणि ‘चार्ज फ्रेम झाले’ या दोन बातम्यांत फरक काय? दोन्हींचे भाषांतर ‘आरोप ठेवले’ असेच केलेले मी वाचले आहे. — एक वाचक, पुणे

उत्तर : फरक मोठा आहे आणि तसे भाषांतर आरोपीवर अन्याय करणारे आहे. गुन्हा दाखल झाल्यावर पोलीस तपास करतात आणि तपासाअंती न्यायालयाला अहवाल देतात. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, आणि त्यापूर्वीच्या १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही, हा पोलीस अधिकाऱ्याचा अहवालच आहे. चार्जशीट हे त्याचे रूढ नाव. मराठीत त्याला दोषारोपपत्र किंवा आरोपपत्र म्हणतात. ते पोलिसांचे म्हणणे असते. न्यायालय ती कागदपत्रे पाहून, खटला चालवण्याइतका आधार आहे असे वाटल्यास, कोणत्या कलमांखाली खटला चालेल हे ठरवते, ती ‘आरोपनिश्चिती’. तेव्हा ‘पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केले’ आणि ‘न्यायालयाने आरोप निश्चित केले’ अशी कर्त्यासह वाक्ये लिहावीत. कर्ता गाळला की सगळा घोटाळा सुरू होतो.

जाता जाता, इंग्रजीत ‘अक्यूज्ड’पुढे ‘ऑफ’ येते आणि ‘चार्ज्ड’पुढे ‘विथ’. शेजारी शेजाऱ्याला ‘अक्यूज’ करू शकतो, पण फौजदारी अर्थाने ‘चार्ज’ करण्यासाठी कायद्याचा अधिकार लागतो. मराठीत दोन्हीकडे आरोपच आहे, त्यामुळे ही छटा वाक्यातूनच दाखवावी लागते.

प्रश्न : मुलीच्या व्याकरणाच्या पुस्तकात ‘इन चार्ज ऑफ’ आणि ‘इन द चार्ज ऑफ’ असे दोन प्रयोग आहेत. छपाईची चूक आहे का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : चूक नाही, एका ‘द’ने नाते उलटे होते. ‘इन चार्ज ऑफ’च्या आधी सांभाळणारा येतो : बाई मुलांच्या ‘इन चार्ज ऑफ’. ‘इन द चार्ज ऑफ’च्या आधी सांभाळली जाणारी व्यक्ती येते : मुले बाईंच्या ‘इन द चार्ज ऑफ’. मराठीत हेच काम ‘बाईंकडे मुलांची जबाबदारी आहे’ आणि ‘मुले बाईंच्या हवाली आहेत’ अशा वेगळ्या वाक्यांनी होते, म्हणून आपल्या मुलांचा येथे हमखास गोंधळ उडतो.

प्रश्न : रुग्णालयातला, धरणातला आणि न्यायालयातला डिस्चार्ज एकच का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : एकच, भार उतरवणे. रुग्णाला घरी सोडले जाते. धरणातून सोडलेल्या पाण्याला ‘विसर्ग’ म्हणतात आणि तो क्युसेकमध्ये मोजतात; एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. न्यायालयात मात्र जपून लिहावे. खटला चालवण्याइतका आधारच नसल्याने आरोपनिश्चितीपूर्वी सोडले तर आरोपी ‘दोषमुक्त’ होतो. पुरावे तपासून खटल्याच्या शेवटी सोडले तर त्याची ‘निर्दोष मुक्तता’ होते, आणि तिला इंग्रजीत डिस्चार्ज म्हणत नाहीत.