केस गळतात म्हणून व्हिटॅमिन ई ४०० ची कॅप्सूल रोज घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की केसांसाठी तुम्ही ही कॅप्सूल घेताय आणि आईंनाही सुरू केलीय. आईंना हृदयासाठी रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. म्हणून आधी आईंचं सांगतो. त्यांची कॅप्सूल आजच थांबवा आणि त्यांच्या डॉक्टरांना फोन करून कळवा. मोठ्या डोसमध्ये ई रक्त गोठण्यात अडथळा आणू शकतं, वॉरफरिनसारख्या गोळीबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतो. हृदयाची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. हिरड्यांतून रक्त येत असेल, अंगावर काळेनिळे डाग दिसत असतील किंवा शौचाला काळी होत असेल, तर थांबू नका, लगेच दाखवा.

आता तुमचं. मी सांगलीत मेडिकल चालवतो. ही कॅप्सूल लोक शेंगदाण्यासारखी मागतात, त्याची मला खरंच काळजी वाटते.

ई पेशींच्या आवरणातल्या चरबीला ऑक्सिडेशनपासून, म्हणजे ऑक्सिजनमुळे खराब होण्यापासून, जपतं. मोठ्या माणसाला दिवसाला १५ मिलिग्रॅम पुरे, अशी अमेरिकेतली शिफारस आहे. कॅप्सूलमधून त्याच्या दहापटीहून जास्त पोटात जातं. आणि आपल्या जेवणात ते असतंच. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि तिच्यावर करडईचं कच्चं तेल, हे आपल्याकडचं नेहमीचं ताट घ्या. मोठा चमचाभर करडईच्या तेलात साधारण साडेचार मिलिग्रॅम, सूर्यफुलाच्या तेलात साडेपाच, मूठभर दाण्यांत दोन-अडीच. शिवाय भाजीच्या फोडणीतलं वेगळं. तळणीचं काळं पडलेलं तेल मात्र पुन्हा वापरू नका, त्यातलं ई बरंचसं गेलेलं असतं.

खरी कमतरता क्वचितच होते. ज्यांना चरबी पचत नाही, पित्ताचा किंवा यकृताचा जुना आजार आहे, त्यांना होते. तेव्हा हातापायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो. अशांना डॉक्टर मोजून देतात.

जास्त घेतलं तर निदान नुकसान तरी नाही, असं लोक मानतात. पण सुमारे ३५ हजार पुरुषांवरच्या सिलेक्ट नावाच्या मोठ्या अभ्यासात ई रोज ४०० युनिट दिलं होतं. २०११ मध्ये निकाल आला, त्यात ई घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटचा (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा) कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त निघाला.

केसांचं म्हणाल, तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या. मोठा ताप किंवा बाळंतपण होऊन दोन-तीन महिने झाले असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा. अशा वेळी केस गळतात आणि बहुतेकांचे पुन्हा येतात.