आयफोन एक्स जेलब्रेक : करायचा की नाही, आणि करायचाच तर कसा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात ६४ जीबीचा आयफोन एक्स पडून आहे, त्याला आयओएस १७ मिळालंच नाही. त्यावर अ‍ॅप स्टोअरबाहेरची दोन-तीन अ‍ॅप्स आणि थोडे बदल हवे आहेत. जेलब्रेक (म्हणजे अ‍ॅपलने घातलेलं कुलूप तोडून फोनमध्ये हवं ते बसवणं) केला तर फोन कायमचा बाद होईल का, त्यावरचं यूपीआय चालू राहील का, आणि पुढचा फोन घेताना ही कटकट टाळायला काय बघावं?

फोन बाद होणार नाही. यूपीआयचा भरवसा मात्र धरू नका. तिसऱ्या प्रश्नाकडे शेवटी येतो.

केबल काढण्याआधी सेटिंग्जमध्ये जनरल, मग अबाउट उघडा आणि आवृत्तीचा आकडा बघा. १६.६.१ किंवा त्याखालचा असेल तर कदाचित जेलब्रेकची गरजच नाही. त्या आवृत्त्यांत अ‍ॅपची सही (ते मंजूर असल्याची डिजिटल खूण) तपासणाऱ्या कोअरट्रस्ट नावाच्या भागात एक चूक राहून गेली होती. ट्रोलस्टोअर हे बाहेरची अ‍ॅप्स बसवणारं अ‍ॅप तिचाच फायदा घेतं. त्यातून टाकलेलं अ‍ॅप रीस्टार्टनंतरही राहतं, दर आठवड्याला नव्याने सही करावी लागत नाही. टाकताना ते एखाद्या सिस्टीम अ‍ॅपच्या जागी मदतनीस बसवू का असं विचारतं. टिप्स हे अ‍ॅप द्या, ते कुणी उघडत नाही. पुढे कधी सगळी अ‍ॅप्स एकदम उघडेनाशी झाली तर टिप्स उघडून अ‍ॅप रजिस्ट्रेशन रिफ्रेश करायचं. आणि असा फोन हातात असेल तर ऑटोमॅटिक अपडेट आत्ताच बंद करा. एकदा पुढे गेलात की मागे येता येत नाही.

आवृत्ती त्यापुढची आहे आणि एकच अ‍ॅप हवं आहे, तर साध्या अ‍ॅपल आयडीने सही करून ते टाकता येतं. मर्यादा अशा: सही ७ दिवस टिकते, एका वेळी ३ अ‍ॅप्स चालतात, आणि आयओएस १६ वर प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन डेव्हलपर मोड चालू करावा लागतो (तो पर्याय अ‍ॅप टाकण्याचा एक प्रयत्न झाल्याशिवाय दिसतच नाही, म्हणून लोक शोधत बसतात). वर्षाला ९९ डॉलर भरून डेव्हलपर झालात तर तीच सही वर्षभर चालते. स्वतः विकत घेतलेल्या फोनवर स्वतःचं अ‍ॅप चालवायचं वार्षिक भाडं, दुसरं काय. युरोपीय संघात मार्च २०२४ पासून, आयओएस १७.४ पासून, दुसऱ्या कंपन्यांची अ‍ॅप दुकानं आली. पण एक्स १६ वरच थांबलेला असल्याने जर्मनीत राहणाऱ्या मित्राच्या एक्सलाही त्याचा उपयोग नाही.

हे दोन्ही पुरत नसेल तर जेलब्रेक.

हा फोन आजही का फुटतो ते आधी समजून घ्या, पुढच्या सगळ्या अटी त्यातूनच येतात. आयफोन सुरू होताना प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्यावरची अ‍ॅपलची सही तपासतो. पहिला टप्पा बूटरॉम. तो चिप तयार होतानाच तिच्यात कोरला जातो, नंतर कोणालाच बदलता येत नाही, अ‍ॅपललासुद्धा. सप्टेंबर २०१९ मध्ये चेकमेट नावाने (इंग्रजीत शेवटी ८ हा आकडा) या बूटरॉमच्या यूएसबी हाताळणीतली चूक जाहीर झाली. ए५ ते ए११ चिपचे सगळे फोन, म्हणजे ४एस पासून ८ आणि एक्सपर्यंत, त्यात सापडले. अपडेटने ती बुजवता येत नाही. २०१८ च्या एक्सआर आणि एक्सएसपासून ती नाही. तिथून पुढच्या फोनला दर आवृत्तीसाठी वेगळी फट शोधावी लागते आणि अ‍ॅपल ती बुजवत जातं.

पण ही फट यूएसबीतून आणि फक्त सुरू होतानाच उघडते. म्हणून फोन बंद करून पुन्हा चालू केला की तो साध्या अवस्थेत येतो आणि जेलब्रेकसाठी परत संगणक व केबल लागते. प्रवासात बॅटरी संपली तर फोन चालेल, ट्वीक (फोनमध्ये बदल करणारे छोटे प्रोग्रॅम) चालणार नाहीत.

दुसरी अट पासकोडची, आणि सर्वांत जास्त लोक इथेच अडकतात. ए११ मधला सिक्युअर एन्क्लेव्ह हा वेगळा प्रोसेसर तुमच्या डेटाच्या किल्ल्या सांभाळतो. आयओएस १४ पासून तो बघतो की फोन डीएफयू मोडमधून (संगणकावरून फोनमध्ये थेट सॉफ्टवेअर भरायची अवस्था, जेलब्रेक इथूनच होतो) सुरू झाला आहे का. तसा असेल आणि पासकोडने डेटा उघडायला सांगितलं, तर तो सरळ काम थांबवतो. म्हणून एक्सवर जेलब्रेक अवस्थेत पासकोड नाही, म्हणजे फेस आयडी नाही. आयओएस १६ वर अट आणखी कडक आहे: फोन शेवटचा पुसल्यापासून एकदाही पासकोड लावलेला नसावा. नंतर काढून टाकला तरी चालत नाही.

म्हणजे फोन पुसणं आलंच. फोनमधले फोटो आधी दुसरीकडे उतरवून घ्या, फाइंड माय बंद करा, आणि पुसा सेटिंग्जमधल्या 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज'नेच. संगणकाला लावून रिस्टोअर केलंत तर फोनचा ओळख क्रमांक अ‍ॅपलच्या सही देणाऱ्या सर्व्हरकडे जातो, आणि सर्व्हर त्या वेळी चालू असलेल्या आवृत्तीलाच सही देतो. १६.५ वरचा फोन रिस्टोअरमध्ये १६.७ च्या पुढे जाऊन बसतो आणि वर सांगितलेली ट्रोलस्टोअरची संधी गेली. कंपनीचं खरं नियंत्रण कुठे आहे ते इथे दिसतं: जुनी फाइल तुमच्या हार्ड डिस्कवर असली तरी ती बसवायची परवानगी तिकडून यावी लागते. पुसल्यावर सेटअपमध्ये फेस आयडी 'नंतर' म्हणून सोडा आणि पासकोड ऑप्शन्समध्ये जाऊन 'डोन्ट यूज पासकोड' निवडा. हे बारीक अक्षरात असतं. सवयीने सहा आकडे टाकले की पुन्हा पहिल्यापासून.

आता साधनं. प्रोग्रॅमचं नाव पेलरेन. इंग्रजीत लिहिताना 'रेन'मधल्या आयच्या जागी १ हा आकडा असतो. तो मॅक आणि लिनक्सवर चालतो. 'विंडोजसाठी पेलरेन' किंवा 'संगणकाशिवाय जेलब्रेक' म्हणून जे दिसतं ते फसवं समजा. विंडोज लॅपटॉप असेल तर पेलरेनची पेनड्राइव्हवरून चालणारी छोटी लिनक्स प्रत मिळते, ती वापरा. विंडोजच्या आत व्हर्च्युअल मशीन लावून बघण्यात संध्याकाळ घालवू नका: मध्येच फोन यूएसबीवर नव्या ओळखीने प्रकट होतो आणि व्हर्च्युअल मशीनच्या हातून सुटतो.

पेनड्राइव्हवरून सुरू करायला लॅपटॉपच्या बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करावं लागेल. त्याआधी बिटलॉकर (विंडोजची डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का बघा आणि त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, नाहीतर विंडोज परत उघडताना ती मागेल. जाता जाता एक गोष्ट बघा. सिक्युअर बूट म्हणजेही सही तपासणारं तसंच कुलूप. पण लॅपटॉपवर ते बंद करायचं बटण मालकाला दिलेलं असतं, आणि त्यामुळे लॅपटॉप धोकादायक आहे असं कोणी म्हणत नाही. आयफोनवर ते बटणच नाही, म्हणून चूक शोधून आत शिरावं लागतं.

केबल जुन्या पद्धतीची, चौकोनी यूएसबी-एची घ्या. यूएसबी-सी केबलने फोन डीएफयूत जायला आढेवेढे घेतो. हब मध्ये नको, थेट पोर्टात. इंटेलचा प्रोसेसर असेल तर उत्तम. एएमडीवर ही फट अनेकदा लागत नाही आणि चूक तुमची नसते. बॅटरी निम्म्याच्या वर ठेवा.

प्रोग्रॅम रूटलेस पद्धतीने (ती काय ते खाली सांगतो) सुरू केला की तो फोन रिकव्हरीत नेतो आणि एंटर दाबायला सांगतो. मग उजवीकडचं साइड बटण आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र ४ सेकंद, नंतर साइड बटण सोडायचं आणि आवाजाचं बटण आणखी १० सेकंद धरून ठेवायचं. पडदा पूर्ण काळा राहिला तर जमलं. सफरचंद दिसलं तर साइड बटण सोडायला उशीर झाला. काही बिघडत नाही, पुन्हा करा. पुढे 'बूटिंग पोंगो ओएस' या ओळीवर प्रोग्रॅम थिजला तर फोनच्या बाजूची केबल काढून उलटी फिरवून लावा. हास्यास्पद वाटतं, पण बहुतेक वेळा तेवढ्यानेच पुढे सरकतं. पडद्यावर पांढरी अक्षरं धावू लागली की ती वाचत बसू नका, फोन सुरू होतोय.

सुरू झाल्यावर पेलरेनचं चिन्ह दिसेल. ते उघडून सिलिओ टाका, ट्वीक त्यातून मिळतात. त्या वेळी पासवर्ड ठरवायला सांगतात, तो खरोखरचा ठरवा. २००९ मध्ये जेलब्रेक केलेल्या आयफोनमध्ये बाहेरून शिरणारा आयकी नावाचा किडा पसरला, तो केवळ सगळ्यांनी 'अल्पाइन' हा मूळ पासवर्ड तसाच ठेवला होता म्हणून. त्याने फक्त वॉलपेपर बदलला.

रूटलेस की रूटफुल, हाही प्रश्न येईल. आयओएस १५ पासून सिस्टीमचा भाग सीलबंद असतो. रूटलेसमध्ये त्याला हात न लावता सगळं एका वेगळ्या फोल्डरात बसतं. रूटफुलमध्ये सिस्टीमची लिहिता येण्याजोगी नक्कल बनते, ती काही जीबी जागा खाते. तुम्हाला रूटलेसच पुरेल. ट्वीक एकेक करून टाका. दहा एकदम टाकलेत आणि पडदा सतत रीस्टार्ट व्हायला लागला तर दोषी कोण ते कळत नाही. तसं झालंच तर फोन बंद-चालू करा, साध्या अवस्थेत येईल. मग पेलरेन सेफ मोडमध्ये चालवून शेवटचं ट्वीक काढा.

आता बँकेची अ‍ॅप्स. रिझर्व्ह बँकेच्या १८ फेब्रुवारी २०२१ च्या डिजिटल पेमेंट सुरक्षेच्या निर्देशांत, फोन रूट (अँड्रॉइडवरचा जेलब्रेक) किंवा जेलब्रेक केलेला आहे का हे तपासून तसा असेल तर अ‍ॅप चालू न देण्याची शक्यता पडताळा, असं बँकांना सांगितलं आहे. त्यामुळे अ‍ॅप विशिष्ट फोल्डर, सिलिओची खूण वगैरे शोधतं. रीस्टार्ट करून साध्या अवस्थेत आलात तरी ते फोल्डर मागे राहतं, आणि काही अ‍ॅप्स तेवढ्यावरही अडतात. लपवणारी ट्वीक आहेत. आज चालतात, अ‍ॅप अपडेट झालं की थांबतात. पैसे अडकलेले असताना हा लपंडाव कशाला? शिवाय पासकोड नसलेल्या फोनवर बँकेचं अ‍ॅप ठेवणंच चूक. ते आणि मुख्य अ‍ॅपल आयडी दुसऱ्या फोनवर ठेवा.

कायद्याचं म्हणाल तर अमेरिकेत जुलै २०१० मध्ये फोनच्या जेलब्रेकला कॉपीराइट कायद्यातून सूट मिळाली. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५ए संरक्षण तोडण्याला गुन्हा ठरवतं, पण हक्कभंगाच्या हेतूने तोडलं तर. स्वतःच्या फोनवर स्वतःचं अ‍ॅप आणि फुकट मिळवलेलं पैशाचं अ‍ॅप यांतला फरक तिथे आहे. अ‍ॅपल मात्र अशा फोनची दुरुस्ती नाकारू शकतं. आणि आयक्लाउड लॉक असलेला फोन स्वस्तात घेऊन जेलब्रेकने सोडवू, असा विचार असेल तर सोडा. ते वेगळं कुलूप आहे, आणि तो फोन बहुधा कुणाचा तरी हरवलेला असतो.

परत फिरायचं असेल तर पेलरेन फोर्स रिव्हर्टने चालवा, जेलब्रेकने बसवलेलं सगळं पुसलं जाईल. जेलब्रेक अवस्थेत असताना इरेज दाबू नका, आधी रिव्हर्ट करा.

पुढच्या फोनबद्दल. अँड्रॉइडवर प्रश्न फट शोधण्याचा नाही, फोन सुरू होताना सही तपासणाऱ्या कुलपाची किल्ली कंपनी देते का एवढाच आहे. पिक्सेलवर सरळ देतात. शाओमीवर बराच काळ १६८ तास थांबायला लावायचे, हायपरओएस ही नवी प्रणाली आल्यापासून अर्ज आणि जास्त अटी आल्या. सॅमसंगमध्ये बाहेरचं सॉफ्टवेअर चढवलं की नॉक्स या सुरक्षा यंत्रणेचा फ्यूज उडतो आणि सिक्युअर फोल्डर कायमचं जातं, मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं तरी. सगळीकडे अनलॉक करताना डेटा पुसला जातो. नुसतं बाहेरचं अ‍ॅप टाकणं अजून सोपं आहे. स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ च्या आदेशात, गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड करताना, त्यावर बंधन घालू नका असंही सांगितलं होतं. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड ठेवला आणि नेमका तो निर्देश काढला.

दुकानात फोन हातात आला की बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील. त्यात ओईएम अनलॉकिंग (ते कुलूप उघडू देणारं बटण) शोधा, आणि बघताना फोनला इंटरनेट द्या, कारण काही फोन पहिल्यांदा सर्व्हरला विचारल्याशिवाय ते बटण उजळत नाहीत. नेट असूनही ते राखाडीच राहिलं किंवा यादीतच नसलं, तर तो फोन परत ठेवा.